मागे कोणीच नाही



जानेवारीत धाकट्या भावाच्या कुटुंबासोबत मी गाडीने कच्छला गेलो होतो. खावड्याहून धोळावीराला जाणारा रस्ता मोठ्या रणातून जातो. पावसाळ्यात तिथे पाणी भरते. ते ओसरले की दोन्हीकडे पांढरे मीठच मीठ. वाटेत बंद पडलेल्या मोटरसायकलीजवळ एक माणूस हात करत होता. भाऊ थांबला नाही. मीही गप्प बसलो. 'मागून येणारा कोणी थांबेल,' असे मनाला समजावले. पुतणीने मागे वळून पाहिले. म्हणाली, "फादरकाका, मागे तर कोणीच नाही." भावाने गाडी वळवली.

आपल्या जालना रोडवर अपघात झाला की गर्दी जमते आणि प्रत्येकाला वाटते, दुसरा कोणी करील. पण कर्तव्य माणसांच्या संख्येने भागले जाते का? रणात वाटेकरी नसतो, म्हणून ते स्पष्ट दिसते. गर्दीतही ते तेवढेच असते. पोलिसांच्या ससेमिऱ्याची सबबही उरलेली नाही. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे.

यरीहोच्या ओसाड वाटेवर दोघे आधीच निघून गेले होते. शोमरोन्याने त्यांचा हिशेब मांडला नाही, तो थांबला.

आपला,
धर्मगुरू