खंजिरी काचेत मावेल?

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात २०१३ साली रॉक गायक डेव्हिड बोवीवर प्रदर्शन भरले, त्यावर माहितीपटही निघाला. काचेमागे झगमगीत पोशाख, हाताने लिहिलेली गाणी. पण गाणारा त्यात सापडतो का?

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या वस्तूही अशा काचेत ठेवाव्यात का? विदर्भातल्या चिमूर गावासाठी हा सगुण-निर्गुणाचाच प्रश्न. महाराजांच्या खंजिरी भजनांनी इथली माणसे पेटली. १६ ऑगस्ट १९४२ला 'चले जाव' चळवळीत गाव रस्त्यावर उतरले. इंग्रजांनी महाराजांना तुरुंगात डांबले. भजने मोकळीच राहिली!

महाराजांच्या मोझरीच्या आश्रमात पुण्यतिथीला हजारो जण ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन पाळतात. मूर्तीपेक्षा माणसात देव पाहा म्हणणाऱ्या या संताच्या वस्तूंपुढेही हात जुळतात. त्यात गैर काय? पण भजनी मंडळांत खंजिरी अजून वाजते आहे, तेव्हा काचेची घाई कशाला?