तोटी ते तुडूम

ठिबकणाऱ्या तोटीखाली एक लिटरचा तांब्या ठेवून घड्याळाकडे पाहावं. तो तासाभरात भरला, तर दिवसाला २४ लिटर पाणी मोरीत गेलं. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यातल्या घरासाठी दररोज माणशी ५५ लिटरचं माप धरलं. म्हणजे एका माणसाच्या वाट्याचं जवळजवळ अर्धं पाणी एका झिजलेल्या वायसरने घालवलं. हा वायसर कपभर चहाहून महाग नसतो. तरीही आपण महिनोन्‌महिने तोटी करकचून आवळत राहतो, आणि त्या आवळण्याने तो आणखी फाटतो.

दुरुस्ती अर्ध्या तासाची आहे. आधी मेन कॉक बंद करायचा आणि तोटी उघडून नळीत उरलेलं पाणी जाऊ द्यायचं. वरची मूठ काढून पान्ह्याने स्पिंडल सैल करायचा आणि बाहेर घ्यायचा. त्याच्या टोकाला रबरी चकती असते. ज्या पितळी कडेवर ती टेकते, त्या कडेचा गोल ठसा तिच्यात रुतलेला दिसतो. जुनी चकती दुकानात नेऊन त्याच मापाची नवी आणायची. पाव फेऱ्यात उघडणारी नवी तोटी असेल, तर आतला सिरॅमिक चकत्यांचा गाभाच बदलायचा. गळती भिंतीजवळच्या सांध्यातून असेल, तर आट्यांवर टेफ्लॉन टेपचे वेढे घ्यायचे. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा पाणी वाचल्याचा आनंद झालाच, पण त्याहून मोठं काही हाती लागलं. इतकी वर्षं रोज हात लागणारी वस्तू मी त्या दिवशी प्रथमच आतून पाहिली.

या कामाला आपल्या मातीचंही वळण आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा-कोरपना पट्ट्यात जमिनीखाली चुनखडी आहे. तिथले सिमेंट कारखाने तिच्यावरच उभे राहिले. चुनखडीतून आलेलं बोअरचं पाणी जड असतं. तोटीच्या तोंडची जाळी पांढऱ्या थराने बुजते आणि धार वाकडी पडते. ती जाळी काढून रात्रभर लिंबाच्या रसात बुडवली की थर सुटतो. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो, छतावरचा उघडा पीव्हीसी पाइप उन्हाने ठिसूळ होतो. त्याला पांढरा रंग द्यावा. सुट्टीत घर बंद राहिलं तर न्हाणीच्या जाळीखालच्या वाकातलं पाणी आटतं आणि गटाराचा वास घरात शिरतो. तांब्याभर पाणी ओतलं की तो थांबतो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा रस्ता तुटतो. अशा वेळी घरातला पान्हा, दोन वायसर आणि टेपची गुंडाळी हाच आपला मिस्त्री. गिझरची वीजजोडणी आणि भिंतीत गाडलेली नळी ही मात्र जाणकाराचीच कामं. कुठे हात घालायचा आणि कुठे थांबायचं हे कळणं हासुद्धा शिकण्याचाच भाग आहे.

दुरुस्ती कुणी करायची, हा प्रश्न घराबाहेर पडलं की मोठा होतो. खेडोपाडी बोअर खोदले गेले तेव्हा सुरुवातीचे ओतीव लोखंडाचे हातपंप गावभराच्या वापराने लवकर मोडत. जालना आणि सोलापूर इथे ख्रिस्ती मिशनच्या कामातून टिकाऊ पोलादी पंप घडले. त्यांच्या अनुभवावर, युनिसेफच्या मदतीने, १९७०च्या दशकात 'इंडिया मार्क टू' तयार झाला. तो भक्कम होता. पण बोअरमधला वायसर बदलायचा तर पाइपांची अख्खी माळ वर ओढावी लागे, आणि त्यासाठी बाहेरून पथक यायची वाट पाहावी लागे. तितके दिवस बायांच्या डोक्यावरचे गुंड लांबच्या विहिरीवरून येत. पुढच्या 'मार्क थ्री'त उभा पाइप रुंद केला, त्यामुळे दट्ट्या त्याच्या आतूनच वर काढता येऊ लागला. पाणी तेच आणि बोअरही तोच होता, पण आता गावातली दोन-तीन माणसं पंप उघडू शकत होती.

त्याहून जुना धडा नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, आरमोरीच्या धानपट्ट्यात आहे. गोंड राजवटीपासून कोहळी समाजाने इथे तलाव बांधले. आज आपण त्यांना माजी मालगुजारी, म्हणजेच मामा तलाव म्हणतो. पाळ चोपायची, गाळ उपसून शेतात टाकायचा, पाणी सोडण्याचं तुडूम जपायचं, ही देखभाल गावाच्या अंगवळणी पडलेली होती. १९५०च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांची व्यवस्था, संपली. ते न्यायाचंच झालं, कारण त्या व्यवस्थेत सक्तीची राबणूकही होती आणि ती परत येता कामा नये. पण तलाव सरकारकडे गेले तशी देखभालही कागदावर दुसऱ्याची झाली. पाणी घेणारा बांधावरच उभा होता, मात्र पाळीला हात लावायचा कुणी हे ठरेनासं झालं. कितीतरी तलाव गाळाने उथळ झाले.

पूर्वी देखभाल धाकाने होत होती, नंतर ती कुणाचीच उरली नाही. आपल्याला हवी आहे ती हक्काची देखभाल. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला आणि जंगलाची राखण ग्रामसभेच्या हाती ठेवली. ज्याला दुरुस्त करता येतं, ते आपलं आहे असं माणसाला मनापासून वाटतं. उलट, जे उघडून पाहण्याची मुभा नाही ते अंगणात असूनही परकंच राहतं.

आता नळ अंगणापर्यंत येत आहेत. गावच्या पाणीपुरवठा समितीने प्रत्येक वस्तीत एक पान्हा आणि वायसरांची एक डबी ठेवावी. शाळेच्या आवारातल्या तोटीवर सातवीच्या मुलामुलींनी, मुलींनी तर आवर्जून, वायसर बदलून पाहावा. आपल्या घरचा मेन कॉक कुठे आहे हे प्रत्येकाने शोधून यावं. ज्या मुलीने सातवीत तोटी उघडून पाहिली, ती उद्या ग्रामसभेत उभी राहून तलावाचं तुडूम का गळतंय हे विचारायला कचरणार नाही.