बियाण्याला राखलेलं पडवळ

रत्नागिरीकडच्या परड्यात उन्हाळी भाजी काढायची ती सकाळी, ऊन चढायच्या आत. रात्रीच्या गारव्यात फळ पाण्यानं भरलेलं असतं. भर उन्हात तोडलेली काकडी संध्याकाळपर्यंत मऊ पडते. भेंडी एक दिवसाआड तोडावीच लागते. ती जून झाली की झाडाचं अन्न बी पोसण्याकडे वळतं आणि नवी फुलं कमी येतात. परडं राखणाऱ्या बायकांना हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून त्यांचा हात वाफ्यावरून रोज फिरतो. या काढणीची दुसरी बाजू मात्र आपण सोडून दिली आहे. काय तोडायचं नाही, हे ठरवणंही काढणीतच येतं.

कोकणात बियाण्यासाठी फळ राखण्याला वेळेची फार कडक अट आहे. इथे जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि हवा सतत दमट राहते. मे महिन्यात बी खडखडीत वाळलं नाही, तर पुढचे चार महिने त्याला पुरेसं ऊन मिळत नाही. बुरशी धरते, उगवण जाते. म्हणून निवडलेलं पडवळ, दोडकं, कारलं वेलावरच पिकू द्यायचं. दोडकं वाळवून चुलीवर टांगलेलं असे. काकडीचं बी शेणात कालवून भिंतीला थापत. वालाला राख चोळत. राख ओलावा शोषते, धूर कीड दूर ठेवतो. यात अंधश्रद्धा कसलीच नव्हती. मृग लागला की तेच बी मातीत जाई. घरात गॅस आला, भिंतींना गिलावा झाला, हे चांगलंच झालं. पण चुलीबरोबर बी राखणंही जायला नको होतं. घट्ट झाकणाच्या बरणीत तळाला कोरडी राख घातली, तरी काम भागतं.

आता दर पावसाळ्याआधी पाकीट आणलं जातं. संकरित वाणाचं बी पुन्हा पेरलं तर पुढची पिढी एकसारखी येत नाही, म्हणजे दर वर्षी नवं पाकीट आलंच. परसबागेला त्याची गरज नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं, जे 1972 साली स्थापन झालं, याच हवामानासाठी ‘कोकण श्वेता’ पडवळ, ‘कोकण हरिता’ दोडकं, ‘कोकण तारा’ कारलं असे सुधारित वाण दिले आहेत. त्यांचं बी घरी धरता येतं. आणि 2001 च्या पीक वाण संरक्षण कायद्यानं शेतकऱ्याला आपलं बियाणं राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा हक्क दिला आहे. हक्क कागदावर आहे. बरणी रिकामी आहे.

एप्रिल-मेमध्ये जांभ्याच्या सड्यावरच्या विहिरी तळ गाठतात, काही वाड्यांना टँकर लागतो. अशा वेळी जे खायचं नाही त्याला पाणी का घालावं, ही शंका रास्त आहे. पण एका पिकल्या पडवळातून घरच्या मांडवाला पुरून शेजारी देण्याइतकं बी निघतं. एक वेल एवढ्यासाठी राखणं परवडतं.

खरी अडचण वेगळीच आहे. मे महिन्यात चाकरमानी येतात, घर भरतं, गावची भाजी सगळ्यांना हवी असते आणि परडं पार खुडलं जातं. मग अखेरीस उरलेलं वाकडं, किडकं फळ बियाण्याला राहतं. ही निवड उलटी आहे. दर वर्षी रोगट वेलाचं बी पुढे गेलं तर वाण खालावतो, आणि मग ‘गावठी बी चालत नाही’ असं आपणच म्हणतो. सगळ्यांत निरोगी वेल आधी हेरावा, त्याच्या बऱ्या फळाला चिंधी बांधावी आणि पाहुण्यांना, मुलांना सांगून ठेवावं की याला हात लावायचा नाही. बाकीच्या वेलांची तोडणी नेहमीसारखी चालू द्यावी.

वेलभाज्यांचं परागीभवन कीटक करतात, त्यामुळे शेजारच्या मांडवावर त्याच भाजीचा दुसरा वाण असला तर बी भेसळतं. हे एकट्या घराचं काम नाही. एका वाडीनं मिळून पडवळाचा एक वाण, काकडीचा एक वाण ठरवावा. कुणी एक बी धरावं, कुणी दुसरं, आणि मृगाआधी वाटून घ्यावं. ज्यांच्या परड्यात आज मांडव आहे, त्यांनी या मे महिन्यात एवढं करावंच, आणि घरातल्या म्हातारीला विचारून करावं. बी कधी काढायचं ते तिला माहीत आहे.