तुर्भ्याचं कार्ड

पनवेलच्या एका घरात १७ वर्षांचा मुलगा होता. पाठीवर बहीण असल्यामुळे घरदार त्याला दादाच म्हणे. दादा बोले फार कमी. कुकरच्या शिट्ट्या सुरू झाल्या की कान झाकून गॅलरीत जाई, आणि वडाळे तलावाकडे विसर्जनाचे ढोल निघायच्या आधी आई त्याला घेऊन कर्जतला आत्याकडे जाई.

दादा स्वमग्न. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, त्यांत स्वमग्नता नव्हतीच. २०१६च्या कायद्याने ते २१ केले, तेव्हा ती आली. त्यामुळे दादाकडे प्रमाणपत्र होतं, कार्ड होतं. पण कागदाबरोबर माणूस येत नाही. त्याच्यासोबत, फक्त त्याच्यासोबत, दोन तास काढील असं कोणी मिळायला आईला पुढे तीन वर्षं लागली.

मग ताई आली. विशेष शिक्षणाची पदविका घेतलेली, वय सव्वीस, कामाला चोख. तिने ठरवलं, दादाने एकट्याने पनवेलहून वाशीला जायचं. वाशीला कागदी पिशव्यांचं काम शिकवणारे एकजण होते, तिथे. तिने दहा स्टेशनांची दहा कार्डं केली आणि कडीत ओवली. स्टेशन गेलं की दादाने कार्ड मागे टाकायचं. पहिले काही शनिवार ती त्याच्या शेजारी बसे, मग समोर, मग दाराजवळ. मदत अशी एकेक बोट सोडवत काढून घ्यायची असते. आईलाही तिने सांगून ठेवलं होतं, "काकू, तुम्ही चार पावलं मागे राहायचं. काही झालं तरी मध्ये बोलायचं नाही."

ताईकडे एक वही होती. गाडी कोणती, मदत किती लागली, विरोध किती वेळा, सगळं लिहायची. वही नीटनेटकी होती. माझी तक्रार वहीबद्दल नाहीच.

त्या शनिवारी तिकिटाच्या रांगेत उशीर झाला. जिना उतरेपर्यंत गाडी लागलेली. ताई घाईने दाराशी गेली, आणि दादा फलाटावर पाय रोवून उभा.

"चल दादा, सुटेल गाडी."

तो हलेना. तिने कोपराला धरलं, त्याने सोडवून घेतलं. पुन्हा धरलं. मागे आईचे ओठ हलले, पण नियम आठवून ती गप्प राहिली. चौथ्या खेपेला तो चढला. खिडकीशी बसून ताईने लिहिलं : चढताना विरोध, ४ वेळा.

खांदेश्वर, मानसरोवर, खारघर. कार्डं मागे पडत होती. नेरूळ गेलं, जुईनगर गेलं. दादाच्या हातात सानपाडा होतं. तेवढ्यात वरून घोषणा झाली, पुढील स्टेशन तुर्भे.

दादाने ताईकडे पाहिलं नाही. सानपाड्याचं कार्ड, कडीसकट, तिच्या उघड्या वहीवर ठेवलं.

गाडी ठाण्याची होती.

"इंडिकेटरवर लिहिलं असणार," आई म्हणाली. "तो वाचतो ना सगळं. दुकानांच्या पाट्यासुद्धा."

"मग काकू, तुम्ही बोलला का नाहीत?"

"मी कुठे पाटी बघितली? पण तो उगाच अडत नाही, एवढं सांगणार होते. तुम्हीच म्हणालात ना, मध्ये बोलायचं नाही."

ताईकडे उत्तर नव्हतं.

तुर्भ्याला उतरले. तिथून वाशीची गाडी मिळते, वाटेत सानपाडाही लागतं, म्हणजे बिघडलं काहीच नव्हतं. पण दादाच्या कडीत बिघडलं होतं. जुईनगरनंतर आपण उभे आहोत त्या जागेचं कार्डच नव्हतं. तो बाकावर बसून पुढेमागे झुलू लागला, दोन्ही हात कानांवर.

ताईने वहीचं पान फाडलं, चौकोनी घडी घातली आणि पेनाने गिरवून गिरवून ठळक लिहिलं : तुर्भे. दादाचा एक हात कानावरून खाली आला. त्याने कागद घेतला, उलटा केला. मागे ताईचं अक्षर होतं. ते त्याने सावकाश, बोट फिरवत वाचलं. मग कागद सुलटा केला, कडीत अडकवला, जुईनगर आणि सानपाड्याच्या मध्ये.

वाशीची गाडी आली तेव्हा तो ताईच्या आधी चढला.

पुढच्या शनिवारी पनवेलला ताईने आधी इंडिकेटर पाहिला. सीएसएमटी. गाडी बरोबर होती, गर्दी नव्हती, बसायला जागा होती. दादा फलाटावर पाय रोवून उभा राहिला.

ताईने वही पिशवीतून काढली नाही. डबा रिकामाच सुटून गेला. ती आईच्या शेजारी बाकावर येऊन बसली.

"काय झालं असेल, काकू?"

"कोण जाणे," आई म्हणाली आणि पाण्याची बाटली पुढे केली. "येईल की पुढची."