फुकटचा उतार

तत्त्वज्ञानातले मोठे प्रश्न ग्रंथालयात पडतात, अशी एक समजूत आहे. माझा अनुभव असा, की ते दुकानात पडतात. आत्मा आहे की नाही, याचा निकाल माणूस सत्तर वर्षं तहकूब ठेवू शकतो, पण दुकानदारानं कानावरचं पेन काढून "मग काय, बिल करू का?" असं विचारलं, की हो किंवा नाही म्हणावंच लागतं. सध्या माझ्यापुढं असाच एक प्रश्न उभा आहे. बँकेत जायला साधी सायकल घ्यावी, की 'फिक्सी' घ्यावी?

फिक्सी म्हटल्यावर कुणाला शेजारच्या बंगल्यातली पांढरी केसाळ कुत्री आठवेल. पण ही सायकल असते. फिक्स्ड गिअरच्या सायकलचं ते लाडाचं नाव. आपल्या साध्या सायकलच्या मागच्या चाकात फ्रीव्हील असतं. आपण पाय थांबवले तरी चाक फिरत राहतं आणि 'टकटकटक' असा आवाज येतो. फिक्सीत मागचं दातेरी चक्र चाकाला पक्कं आवळलेलं असतं. चाक फिरतंय तोवर पेडल फिरणार, आणि पेडल फिरतंय तोवर आपले पाय फिरणार. पेडल उलटं मारलं तर सायकल उलटी जाते. थोडक्यात, या सायकलवर माणसाला सगळं करता येतं. फक्त स्वस्थ बसता येत नाही.

हे खूळ माझ्या डोक्यात भाच्यानं घातलं. डॉक्टरांनी माझ्या रक्तातल्या साखरेचा आकडा बघून "सायकल चालवा" एवढंच सांगितलं होतं. कोणती, ते सांगितलं नव्हतं. भाचा बाणेरला संगणकाच्या कंपनीत आहे आणि गेली दोन वर्षं फिक्सीवरून जातो.

"मामा, तू एकदा बसून तर बघ," तो म्हणाला. "सायकल आणि आपण वेगळे राहतच नाही. साध्या सायकलवर तू नुसता पॅसेंजर असतोस. फिक्सीवर तू इंजिन असतोस."

आद्य शंकराचार्यांना जे पटवायला प्रस्थानत्रयीवर भाष्यं लिहावी लागली, ते हा पोरगा एका चेनच्या जोरावर पटवत होता. तरी निवृत्तीला तीन वर्षं राहिलेल्या माणसाला इंजिन होण्याची हौस कितपत असावी, हा मुद्दा उरतोच. बँकेत मी डबा म्हणून जोडला गेलो, आणि गाडी वेळेवर पोचतेय यात मला समाधान आहे.

पण भाच्याच्या बोलण्याला शास्त्राधार नाही, असं नव्हे. कर्म केल्यावाचून कुणीही क्षणभरसुद्धा राहू शकत नाही, असं गीतेच्या तिसऱ्या अध्यायात सांगितलं आहे. भगवंतांनी ते तत्त्व म्हणून सांगितलं. सायकलवाल्यांनी ते पान्यानं आवळून दिलं, एवढाच फरक.

मी बँकेतला माणूस, तेव्हा हिशोब मांडला. भाच्याच्या सायकलला पुढं ४८ दाते आणि मागं १६. म्हणजे पेडलच्या एका फेऱ्याला चाकाचे तीन. चाकाचा घेर सुमारे दोन मीटर दहा सेंटिमीटर. एका फेऱ्यात सव्वासहा मीटर रस्ता मागं पडतो. ताशी ३० किलोमीटरला पाय मिनिटाला ऐंशीएक फेरे मारणार. उतारावर वेग ४० झाला, की फेरे शंभरावर. त्यात पायजम्याचा पाय चेनमध्ये गेला, तर साध्या सायकलवर आपण पाय थांबवतो. इथं चाक थांबेपर्यंत पायजमा आत जातच राहणार. अद्वैत ते हेच असावं.

बरं, हा शोध नवा म्हणावा तर तसंही नाही. मुळात सगळ्या सायकली अशाच होत्या. फ्रीव्हील सर्रास झालं ते एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस. त्याआधी, पुढचं चाक पुरुषभर उंच असायचं त्या काळी, उतार आला की साहेबलोक दोन्ही तंगड्या सरळ हँडलवरून पुढं टाकत आणि खाली पेडलं भिंगरीसारखी गरगरत. पुढं चाकं सारखी झाली, तर पुढच्या चिमट्याला पाय ठेवायला खुंट्या बसवल्या. मला हा पुरावा फार महत्त्वाचा वाटतो. यंत्रानं विश्रांतीची सोय दिली नव्हती, तेव्हासुद्धा माणसानं उतारावर पाय वर घेतलेच. फ्रीव्हील नंतर आलं. पाय थांबवण्याची इच्छा आधीची आहे.

आणि लांब कशाला जायचं? घरातली तीनचाकी बघा. पुढच्याच चाकाला पेडल. पोरगं सोसायटीच्या उतारावर सुटलं, की पेडलं फिरायला लागतात आणि ते दोन्ही पाय फाकून वर धरतं. म्हणजे भाचा ज्याला सायकलीतली अंतिम अवस्था म्हणतो, ती आपण सगळ्यांनी तिसऱ्या वर्षी अनुभवून सोडून दिलेली आहे.

यानंतर ब्रेकचा विषय निघाला. भाच्याच्या सायकलला पुढचा ब्रेक आहे. त्याच्या मित्रांपैकी काही तोही काढून टाकतात. थांबायचं तर पेडल उलटं रेटायचं. ब्रेक असला की म्हणे सायकलची शुद्धता जाते. जपानमध्ये १९४८ पासून केरिन नावाच्या शर्यती होतात, त्यात सायकलींना ब्रेक नसतात, हे खरं. पण तिथं बंदिस्त मैदान असतं आणि सगळे एकाच दिशेनं जातात. लक्ष्मी रोडवर ही अट अद्याप लागू झालेली नाही.

इथं मात्र मला हसू येत नाही. २०१६ साली लंडनमध्ये पुढचा ब्रेक नसलेल्या अशाच एका सायकलची धडक बसून रस्ता ओलांडणारी एक बाई दगावली. स्वाराला २०१७ साली दीड वर्षाची शिक्षा झाली, तीसुद्धा १८६१ सालच्या, घोडागाड्यांच्या काळातल्या कायद्याखाली. तिथल्या नियमाप्रमाणे जखडलेलं मागचं चाक हा एक ब्रेक धरतात, पण पुढं दुसरा लागतोच. मी किती पाय मारावेत, हा माझा आणि माझ्या गुडघ्यांचा खाजगी मामला आहे. मी किती लवकर थांबतो, हा खाजगी मामला नाही. त्यात समोरून पिशवी घेऊन येणाऱ्या आजींचा हिस्सा आहे, आणि त्यांना माझ्या शुद्धतेशी काही देणंघेणं नाही. एवढं कलम मी वादातून बाहेर काढलं. ब्रेक दोन. चर्चा नाही.

तरी भाच्याचं शेवटचं वाक्य मला बोचत राहिलं. "मामा, उतारावर नुसतं बसून जाणं म्हणजे फुकट खाणं आहे."

फुकट खाणं! चौतीस वर्षं ज्यानं दुसऱ्याच्या पैशाचा पै न् पै हिशोब दिला, त्याला हा शब्द लागणारच. कोथरूड डेपोपासून नळस्टॉपपर्यंतचा रस्ता सकाळी मला उतार आहे. पण संध्याकाळी तोच चढ आहे. काल संध्याकाळी बहात्तर किलो देह, डबा आणि भाजी एवढा ऐवज मी स्वतःच्या पायांनी वर नेऊन ठेवला. सकाळी मी तीच ठेव मोडतो. वारा आणि रस्ता त्यातून टीडीएस कापून घेतात ते वेगळंच. याला फुकट म्हणत नाहीत, याला पेन्शन म्हणतात. भाच्याच्या पिढीला ही कल्पना परकी आहे, त्याला मी काय करणार?

युक्तिवाद बिनतोड होता. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर माझी मलाच शंका आली. कारण एक उतार असा आठवला, जो मी मुळीच कमावला नव्हता.

आमचे अण्णा औंधला नोकरीला होते. राहायला आम्ही सदाशिवात. शनिवारी अर्धा दिवस असला, की ते कधीकधी मला बरोबर नेत. येताना मी पुढं दांडीवर. विद्यापीठाच्या चौकापर्यंत अण्णा घामाघूम व्हायचे. त्यांचा श्वास माझ्या मानेवर यायचा. बोलायचं नाही, असा अलिखित नियम. एकदा चौक मागं पडला आणि गणेशखिंड रस्त्याचा उतार लागला, की अण्णा पाय थांबवायचे. मागं टकटकटक सुरू व्हायचं आणि त्या ठेक्यावर अण्णा गुणगुणायचे. घरात त्यांना गुणगुणताना मी कधी ऐकलं नाही. घरात घरभाडं होतं, आजीचं औषध होतं, बहिणीचं लग्न होतं. ते सगळं चाक फिरतच होतं. तेवढा एक उतार होता, जिथं चाक फिरत असूनही पाय थांबवता येत होते.

आणि दांडीवरच्या मी तर चढावर एक पायही मारला नव्हता. माझा उतार शंभर टक्के फुकटचा. भाच्याच्या न्यायानं मी खाली उतरून पळत यायला हवं होतं. पण मला वाटतं, माणसाला मिळालेल्या चांगल्या गोष्टींतल्या निम्म्या तरी अशाच दुसऱ्याच्या पायांवर मिळालेल्या असतात. त्या परत करता येत नाहीत. फार तर आपल्या दांडीवर कुणाला तरी बसवता येतं. सगळा उतार कमावलेलाच हवा, असा हट्ट धरला, तर आईच्या हातचं जेवतानासुद्धा पावती मागावी लागेल.

रविवारी भाचा जेवायला आला होता. एका हातानं पुरी मोडत होता, दुसरा हात टेबलाखाली फोनवर. साहेबाचा निरोप, म्हणे. रविवारी, श्रीखंडाच्या वेळी! मी सहज खाली वाकून पाहिलं, तर पोराचा पाय हलत होता. सायकल बाहेर जिन्याखाली कुलपात होती, आणि हा अजून पेडल मारत होता. मला त्याच्याशी वाद घालावासा वाटेना. बायकोला म्हटलं, "त्याला अजून एक वाटी वाढ." तो "मामी, नको" म्हणाला आणि त्यानं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या नेहमीच्या सायकलवाल्याकडे गेलो. त्याला फिक्सीची माहिती होती. दोन्हीकडून बसवता येणारं चाकही मिळतं, म्हणाला. एका बाजूला पक्कं चक्र, दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील. कंटाळा आला की चाक काढून फिरवून बसवायचं. सोमवार ते शुक्रवार अद्वैत, शनिवार-रविवार द्वैत. सोय चांगली आहे, आणि ज्यांचे गुडघे तिशीतले आहेत त्यांनी ती जरूर करावी. कायम पाय मारत राहण्यात आनंद असतो, हे भाच्याच्या चेहऱ्यावर मी पाहिलंय. फक्त तो आनंद पाना घेऊन सोडवता आला पाहिजे.

"पण साहेब, तुम्हाला त्या फ्रीव्हीलचं एवढं काय?" सायकलवाल्यानं विचारलं आणि एक जुनं फ्रीव्हील उघडून माझ्यापुढं धरलं. आत काळ्या ग्रीसमध्ये बारकेसे दोन तुकडे. "हे बघा, एवढंच असतं. याला आम्ही कुत्ते म्हणतो. पाय मारला की दात्यात अडकतात, थांबला की सुटतात. टकटक वाजतं ते हेच. फिक्सीत कुत्ते नसतात."

माझा निर्णय तिथंच झाला. साक्षात स्वर्गाच्या दाराशी इंद्र रथ घेऊन उभा असताना धर्मराजानं कुत्र्याला सोडलं नव्हतं. मी पौड रोडच्या उतारावर दोन दोन कुत्ते कसे सोडू?

"साधीच द्या," मी म्हटलं. "ब्रेक दोन. आणि पुढं दांडी असलेली."