आत ठेवलेली माया

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये ९:३६-४२



नाताळ जवळ आला की आपल्या मंडळ्यांतील तरुण संघांची लगबग सुरू होते. नाटिकेचे संवाद पाठ होऊ लागतात आणि मंदिरामागच्या खोलीत शिलाईचे यंत्र खडखडू लागते. जुन्या चादरींचे मेंढपाळांसाठी अंगरखे होतात, पडद्यांच्या कापडातून मागी लोकांचे झगे निघतात. गेल्या वर्षीचे कपडे पेटीतून काढावेत, तर मुले वर्षभरात वाढलेली असतात. कुणाच्या बाह्या आखूड पडतात, कुणाला छातीत आवळते. मग उसवणे, दुमडणे आणि पुन्हा टीप मारणे रात्री उशिरापर्यंत चालते.

काही वर्षांपूर्वी मी ज्या मंडळीत सेवा करीत होतो, तेथील एक प्रसंग आज कबुली म्हणून सांगतो. मागी लोकांपैकी एकाची भूमिका एका स्थूल अंगाच्या मुलाला मिळाली होती. तो बोलताना अडखळत असे. चार दिवसांवर नाटिका आली असता झगा त्याच्या अंगात जाईना. मुले हसली. मी घाईत होतो. म्हणालो, “ज्याला झगा होईल, त्यालाच उभे करा.” त्या मुलाने काही न बोलता झगा काढला आणि नीट घडी घालून ठेवला.

कपडे शिवणाऱ्या वृद्ध विधवा भगिनी यंत्रावरून उठल्या. म्हणाल्या, “पाळकसाहेब, झगा उसवला तर पुन्हा शिवता येतो. लेकराचं मन उसवलं तर कोण शिवणार?” त्यांनी झगा उलटा करून मला दाखविला. दोन्ही कुशींना आतून दोन-दोन बोटे जादा कापड राखलेले होते. “मी माया ठेवली आहे,” त्या म्हणाल्या.

वाचकहो, शिवणकाम करणाऱ्यांचा हा शब्द किती अर्थपूर्ण आहे! पुढे अंग वाढले तर कपडा सैल करता यावा म्हणून शिवणीच्या आत जे कापड राखतात, त्याला आपल्या भाषेत माया म्हणतात. बाहेरून ती कोणाला दिसत नाही. ती ठेवायची, तर कापड बेतण्यापूर्वीच तिचा विचार करावा लागतो. कापून टाकलेले कापड मागाहून जोडले, तर ते ठिगळच होते.

त्यांनी रात्री बसून शिवण उसवली. आतले कापड उन्हाने विटले नव्हते, म्हणून ते गडद दिसू लागले, आणि जुन्या टिपेची भोकेही उघडी पडली. त्यांवर त्यांनी आपल्या एका जुन्या लुगड्याचा काठ लावला. नाटिकेच्या दिवशी लोकांना तो राजवस्त्राचा अलंकार वाटला. मुलाला वाक्य एकच होते. तो अडखळला, पण त्याने ते पूर्ण केले.

त्याच आठवड्यात मी नाताळचे प्रवचन लिहीत होतो. विषय होता, योसेफ व मरीया यांना उतारशाळेत न मिळालेली जागा! माझ्या हातचा कागद मलाच दोषी ठरवीत होता.

यापो येथील टबीथा ऊर्फ दुर्कस हिच्याकडे पाहा. नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत ‘शिष्या’ हा स्त्रीलिंगी शब्द एकदाच येतो, आणि तो हिच्यासाठी. तिचे एकही वाक्य लूकने नोंदविलेले नाही. पेत्र आला तेव्हा विधवा रडत उभ्या होत्या आणि तिने शिवलेले अंगरखे व वस्त्रे त्याला दाखवीत होत्या. तिची साक्ष त्या कपड्यांनीच दिली.

तशीच हन्ना. ती दर वर्षी शमुवेलासाठी लहान झगा करून शिलोला नेत असे (१ शमुवेल २:१९). वर्षातून एकदा दिसणारा मुलगा किती वाढला असेल, याचा अंदाज ती मनाशी घेत असेल. दर वर्षी माप नवे, म्हणून झगाही नवा.

आपल्या मंडळीत अशी माया आहे काय? नोकरीसाठी दिल्लीला, बंगळुराला गेलेला मराठी तरुण एखाद्या रविवारी अनोळखी मंडळीत मागच्या बाकावर बसतो. परीक्षेत अपयशी झालेली मुलगी वर्षभराने तरुण संघात परत येते. आपण ठरविलेल्या मापात ती बसत नाहीत, तेव्हा आपण कोणाला बाजूला करतो, मापाला की माणसाला? देवाने तर आपण योग्य मापाचे होण्याची वाट पाहिली नाही. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला, असे पौल रोमकरांस सांगतो (५:८).

यंदा नाटिकेनंतर आभार मानताना त्या मागच्या खोलीतही डोकावा. मी त्या वर्षी सर्वांची नावे घेतली होती. त्या भगिनींचे मात्र राहून गेले.

प्रार्थना : हे प्रभो, आमची अंतःकरणे फार आवळून शिवलेली आहेत. ती तू स्वतः उसव, आणि येणाऱ्यासाठी त्यांत जागा कर. आमेन.