राणीचं पीयर

कुक्षीच्या बाजारात एका ओळखीच्या बाईंकडे मी नेहमी चहाला थांबते. त्या दिवशी त्यांना महेश्वरच्या वाड्याचं सांगत होते. अहिल्याबाईंची ती साधी गादी, एवढ्या मोठ्या बाईचा एवढासा पसारा वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण तिचं पीयर कुठलं?" इकडे निमाडात माहेराला पीयर म्हणतात.

"चौंडी. नगरकडचं गाव. पाटलांची मुलगी."

"घर आहे अजून?"

"स्मारक आहे."

"स्मारक नाही हो, घर."

तेव्हा मला हा प्रश्न भाबडा वाटला. होळकर, शिंदे, धार-देवासचे पवार यांच्याबद्दल वाचण्यात माझी अर्धी हयात गेली. राण्यांची सासरं तोंडपाठ, माहेरं मात्र नुसती नावाआधी लावायची: फलटणची सईबाई, शृंगारपूरची येसूबाई, वाईच्या रास्त्यांची गोपिकाबाई. त्यापुढे जाऊन तिथलं अंगण कसं होतं, हे कधी मनातही आलं नव्हतं.

त्याला कारणही होतं. त्या काळात राणीचं माहेर म्हणजे बळ. फलटण म्हटलं की निंबाळकर, आणि निंबाळकर म्हटलं की त्यांची घोडी. कागलच्या घाटग्यांची बायजाबाई १७९८ मध्ये दौलतराव शिंद्यांना दिली आणि तिचा बाप सर्जेराव शिंद्यांचा दिवाण झाला. पुढे त्यानं पुणेकरांना कसं नागवलं, ते पुणेकर अजून विसरलेले नाहीत. अशा सोयरिकीत मुलीची खेळायची जागा कोण विचारणार? ज्या माहेराच्या मागे फौज नाही, ते तर कुणाच्या हिशेबातच नसे. आनंदीबाई गुहागरच्या ओकांची. नवरा राघोबादादा पळापळीत असताना ती इथे धारच्या किल्ल्यात पवारांच्या आसऱ्याला होती, आणि जानेवारी १७७५ मध्ये तिथेच बाळंत झाली. दुसऱ्या बाजीरावाचा जन्म ना आईच्या माहेरी, ना शनिवारवाड्यात.

इंग्रजी अंमल बसला, फौजा गेल्या, आणि माहेराचं कूळ तेवढं बघायचं राहिलं. डिसेंबर १८८५ मध्ये देवासच्या घाटग्यांची गजराबाई सयाजीराव गायकवाडांची राणी झाली. पहिली राणी तंजावरच्या मोहित्यांची लक्ष्मीबाई. बडोद्यात तिचं नाव चिमणाबाई ठेवलं होतं. ती त्याच वर्षी वारली, आणि गजराबाईंचं नावही चिमणाबाईच ठेवलं गेलं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहितात, ते मी कितीदा पाहिलंय. बायका हसतात, नवरी लाजत उखाणा घेते, मग कुणीतरी ताट उचलतं आणि अक्षरं मोडतात. तांदळातलं नाव मोडलं तरी तेच चालू राहतं, जातं ते जुनंच. पण वारलेल्या सवतीचं नाव घेऊन उभं राहायचं, म्हणजे काय वाटलं असेल?

या चिमणाबाईंनी १९११ साली हिंदी स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक काढलं, त्यात सहलेखक होते. १९२७ च्या जानेवारीत पुण्याला अखिल भारतीय महिला परिषद भरली, तिच्या त्या पहिल्या अध्यक्ष. बाईंबद्दल लिहिलेलं भरपूर सापडतं, पण त्यात देवास एखाद्या वाक्यापुरतं येतं आणि संपतं. त्यांची मुलगी इंदिराराजे ग्वाल्हेरची ठरलेली सोयरीक मोडून १९१३ मध्ये कूचबिहारला गेली. तिची मुलगी म्हणजे जयपूरच्या गायत्रीदेवी. त्यांनी आठवणी लिहिल्या, आणि त्यात बडोद्याचं आजोळ, तिथला राजवाडा, आजी-आजोबा चांगले ऐसपैस येतात. माझ्या मते माहेराचं घर, आजोळाचं घर लिखाणात खऱ्या अर्थानं आलं ते इथे, बाईनं स्वतः लेखणी हातात घेतल्यावर. तोवर लिहिणारे बहुतेक सासरचे नोकर.

देवासची दुसरी गोष्ट उलट्या दिशेची. कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मुलगी राधाबाई, म्हणजे आक्कासाहेब, १९०८ मध्ये देवास थोरल्या पातीच्या तुकोजीरावांना दिली. जमलं नाही, आणि त्या कोल्हापूरला परतल्या. तुकोजीरावांकडे काही महिने खाजगी चिटणीस असलेल्या ई. एम. फॉर्स्टरनं देवासवर पुस्तक लिहिलं. ते बहुतेकजण महाराजांसाठी वाचतात, मी आक्कासाहेबांसाठी वाचलं. साध्या घरातली मुलगी अशी परत आली असती, तर 'नांदली नाही' एवढ्यावर तिचा निकाल लागला असता. इथे १९४७ मध्ये त्यांचाच मुलगा विक्रमसिंह कोल्हापूरच्या गादीला दत्तक गेला आणि शहाजी महाराज झाला. आईचं माहेर, लेकाची गादी.

पण कुक्षीच्या बाईंचा प्रश्न घराचा होता. अमेरिकेत लेक्सिंग्टन गावी अब्राहम लिंकनच्या बायकोचं, मेरी टॉडचं, माहेरचं घर १९७७ पासून लोकांना बघायला खुलं आहे. आपल्याकडे असं घर राखण्यापेक्षा पुतळा बसवणं सोपं जातं. चौंडीत मात्र एक विलक्षण गोष्ट घडली. लग्नात मुलीचं नाव बदलतं; इथे मुलीचं नाव माहेरानं घेतलं. २०२४ पासून अख्खा नगर जिल्हा अहिल्यानगर झाला. हे मी मोठ्या उत्साहानं कुक्षीच्या बाईंना सांगितलं.

"नाव दिलं ते बरं केलं," त्या म्हणाल्या, आणि दुधाचं पातेलं उतरवायला उठल्या.

त्यांचं पीयर निसरपूर. २०१९ मध्ये सरदार सरोवर पहिल्यांदा काठोकाठ भरलं, तेव्हा ते बुडालं. भावांनी नव्या वसाहतीत घर बांधलं. राखीला त्या तिथेच जातात. पण त्याला त्या 'भावाचं घर' म्हणतात, पीयर म्हणत नाहीत. निघताना त्यांनी जुन्या दाराची कडी काढून आणली होती. ती चहाच्या कपाटाला लावलेली आहे. जरा मोठी आहे, त्यामुळे दार नीट बसत नाही, आणि दर वेळी साखर काढताना ती वाजते.